एअर पिस्तुलाचा ट्रिगर घरी बदलणं आणि जुळवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१० मीटर एअर पिस्तूल खेळणारी मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. ज्यांच्याकडे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ यांसारखं हवेच्या सिलिंडरवर चालणारं स्पर्धेचं पिस्तूल आहे, किंवा लवकरच येणार आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

घरी ट्रिगरला हात लावणं कायद्यात बसतं का?

एअर पिस्तुलाच्या बाबतीत, हो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या जवळपास वेगाने सुटतो. ही ऊर्जा साधारण ६ ज्यूल होते, म्हणजे मर्यादेच्या बरीच आत. ट्रिगरचं ब्लेड, त्याची जागा, स्प्रिंगचा ताण हे सगळं कंपनीने खेळाडूला जुळवता यावं म्हणूनच ठेवलेलं असतं आणि पिस्तुलासोबतच्या पुस्तिकेत ते दिलेलंही असतं.

काडतुसाच्या पिस्तुलाचं मात्र पूर्ण वेगळं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो. तुमच्याकडे .२२ चं स्पोर्ट्‌स पिस्तूल असेल आणि ते बाळगण्याचा परवानाही असेल, तरी ट्रिगरच्या आतलं काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं. व्हिडिओ बघून घरी करायचं नाही. यात कायद्याइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. इथून पुढचं सगळं फक्त एअर पिस्तुलाबद्दल आहे.

ट्रिगरचं वजन किती असायला हवं?

ट्रिगरचं वजन म्हणजे शॉट सुटायला बोटाने लावावा लागणारा जोर. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाला तो किमान ५०० ग्रॅम हवा. मुलगा असो, मुलगी असो, ज्युनियर असो की सीनियर, आकडा एकच. २५ मीटरच्या पिस्तुलाला तो १००० ग्रॅम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते या २५ मीटरच्या प्रकारात. तिथे जलद फेरीत लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर असतं आणि तेवढ्यात हात उचलून शॉट सोडायचा असतो. त्या ट्रिगरची जुळणी वेगळी, त्यामागचा विचारही वेगळा. २५ मीटरवाल्या सीनियरचं सेटिंग पाहून एअर पिस्तुलाचं सेटिंग करू नका.

मग ५०० ला अगदी टेकवून ठेवायचा का? हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर ना?

नाही. नवीन नेमबाजाच्या डोक्यातली ही समजूत काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

५०० हा किमान आकडा आहे, त्याच्या वर जायला कुणी अडवलेलं नाही. स्प्रिंग वापराने ढिली पडते, हवामान बदलतं, प्रवासात पिस्तूल हादरतं, त्यामुळे घरी ५०० ला कसाबसा पास झालेला ट्रिगर स्पर्धेच्या दिवशी ४९५ ला सुटू शकतो. स्पर्धेआधीच्या तपासणीत ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलतात आणि शॉट सुटता कामा नये, त्यासाठी तीन प्रयत्न मिळतात. तिथे नापास झालात तर दुरुस्त करून परत आणता येतं, पण मन तिथेच खचतं. स्पर्धा झाल्यावर होणाऱ्या तपासणीत कमी भरला, तर खेळाडू बादच होतो, मग गुण कितीही चांगले असोत. म्हणून ५१० ते ५२० ग्रॅमवर ठेवा. त्या दहा-वीस ग्रॅमचा बोटाला त्रास होत नाही.

राहिला हलकेपणा. चांगला ट्रिगर म्हणजे सामन्यातल्या साठही शॉटला एकसारखा लागणारा ट्रिगर. पहिल्या शॉटला बोटाला जे जाणवलं तेच साठाव्या शॉटला जाणवलं पाहिजे. शिकण्याच्या सुरुवातीच्या काळात तर मी ५५० ग्रॅमसुद्धा सुचवेन, कारण त्यामुळे बोट दाब वाढवायला शिकतं. अगदी काठावर ठेवलेल्या ट्रिगरवर मुलं बोट टेकवायलाच घाबरतात, आणि मग एकदम झटका देतात.

ब्लेड बदलायची गरज कधी पडते?

ब्लेड म्हणजे बोट टेकतं तो भाग. ते झिजत नाही, त्यामुळे जुनं झालं म्हणून बदलायचं कारण नसतं. बदलतात ते आकारासाठी. काहींची बोटं लहान असतात आणि ब्लेड कितीही मागे घेतलं तरी पेराचा मधला भाग त्यावर येत नाही. काहींना वक्र ब्लेडवर बोट घसरल्यासारखं वाटतं, सपाट हवं असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न नेहमी येतो, आणि दोन वर्षांत हात वाढला की तो आपोआप सुटतोही.

म्हणून विकत घेण्याआधी आहे तेच ब्लेड पट्टीवर मागेपुढे सरकवून, थोडं आडवं फिरवून बघा. ग्रिपही बघा. ग्रिप मोठी असेल तर हात पुढे पोचतच नाही आणि दोष ट्रिगरवर जातो. बहुतेक वेळा योग्य मापाची ग्रिप हाच उपाय असतो. बदलायचंच ठरलं, तर आपल्याच मॉडेलचं मूळ कंपनीचं ब्लेड घ्या. दुसऱ्या मॉडेलचं घासून बसवायच्या फंदात पडू नका.

काम सुरू करण्याआधी काय करायचं?

आधी सिलिंडर काढा. सिलिंडर काढल्यावरही आत एखाद्या शॉटपुरती हवा राहिलेली असू शकते, म्हणून पिस्तूल छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे धरून, छर्रा न भरता, एकदा-दोनदा चालवून ती हवा घालवा. मग ब्रीच, म्हणजे छर्रा भरायची जागा, उघडून नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा आणि नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण असलेली दोरी, आरपार घाला. ६ ज्यूल ऐकायला थोडे वाटतात, पण डोळा कायमचा जायला तेवढे पुरेसे आहेत. काम चालू असताना घरातली लहान मुलं त्या खोलीत नकोत.

मग एका मोठ्या स्टीलच्या ताटात जुना पांढरा रुमाल अंथरा आणि त्यावर काम करा. ट्रिगरचे स्क्रू इतके बारीक असतात की फरशीवर पडले तर सोफ्याखाली हात घालूनही सापडत नाहीत, आणि त्या मापाचा स्क्रू गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. पिस्तुलासोबत आलेली अ‍ॅलन कीच वापरा. सैल बसणारी की स्क्रूचं डोकं गोल करून टाकते. मोबाईलवर ब्लेडचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो घ्या. काही चुकलं तर परत मूळ जागी यायला तोच आधार. आणि आत्ताचं वजन आधी मोजून वहीत लिहा. आधीचा आकडाच नसेल तर बदलाने काय झालं हे कसं कळणार?

ब्लेड प्रत्यक्ष कसं बसवायचं?

बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत ब्लेड एका छोट्या पट्टीवर बसतं आणि एकाच स्क्रूने आवळलेलं असतं. तो सैल करायचा, जुनं ब्लेड सरकवून काढायचं, नवीन घालायचं. स्क्रू बोटाच्या जोराने हलेल-न-हलेल इतकाच आवळा. मग ग्रिप नेहमीसारखी पकडा, मनगट लॉक करा, हात खांद्याच्या रेषेत उचला आणि डोळे मिटून बोट ट्रिगरवर ठेवा. बोट जिथे आपोआप पडतं तिथे ब्लेड यायला हवं. टेबलावर बसून, पिस्तूल मांडीवर ठेवून ही जागा ठरवता येत नाही, कारण हात उचलल्यावर पकड बदलते.

जागा पक्की झाली की स्क्रू नीट आवळा, पण जीव खाऊन नाही. मग ब्लेड अगदी मागे जाईपर्यंत दाबून पाहा की ते फ्रेमला, ग्रिपच्या लाकडाला किंवा ट्रिगर गार्डला कुठे घासत नाही ना. लाकडाला पुसटसं जरी टेकलं तरी ट्रिगर खरखरीत वाटतो आणि माणूस उगाच आतलं यंत्र उघडायला जातो.

बोट नेमकं कुठे टेकायला हवं?

पहिल्या पेराच्या गादीच्या मध्यावर, नखाच्या टोकाला नाही आणि सांध्याच्या घडीतही नाही. दाब सरळ मागे, नळीच्या रेषेत यायला हवा. बोटाचा बाकीचा भाग ग्रिपला चिकटता कामा नये, मध्ये कागद सरकेल एवढी फट हवी.

इथे एक यांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रिगर वरच्या बाजूला एका पिनेवर फिरतो. पिनेपासून बोट जितकं खाली, तितका तरफेचा हात लांब आणि तितका कमी जोर लागतो. बोट वर सरकलं की तोच ट्रिगर जड लागतो. तपासणीचं वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवतात. तेव्हा बोट रोज एकाच उंचीवर पडलं नाही तर सेटिंग न बदलताही ट्रिगर रोज वेगळा वाटेल. ‘सर, आज ट्रिगर जड झालाय’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. आधी पकड तपासा, स्क्रू नंतर.

पहिला टप्पा, दुसरा टप्पा म्हणजे काय? ते किती-किती ठेवायचे?

बोट दाबायला लागल्यावर ट्रिगर काही अंतर मऊ मागे येतो, तो पहिला टप्पा. मग एक भिंत लागते. तिथून आणखी थोडा दाब वाढवला की शॉट सुटतो, तो दुसरा टप्पा. ५०० ग्रॅम मोजले जातात ते दोन्ही मिळून.

साधारण ३५० ते ४०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि उरलेले १०० ते १५० दुसऱ्यात अशी वाटणी बऱ्याच जणांना सोयीची पडते. पहिल्यात बराचसा भार उचलला गेला की शेवटी बोटाला थोडंच करावं लागतं. दुसरा टप्पा अगदीच कमी, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास ठेवला, तर भिंत जाणवतच नाही आणि शॉट नको तेव्हा निघून जातो. काही अनुभवी नेमबाज भिंत जवळजवळ काढूनच टाकतात आणि एकसंध सरकणारा ट्रिगर ठेवतात. तोही एक चांगला मार्ग आहे, पण तो निवडायला आपलं बोट काय करतं हे आधी माहीत असावं लागतं. पहिली दोन वर्षं स्पष्ट भिंत असलेला ट्रिगरच ठेवा, असं मी ठामपणे सांगेन.

जुळवण्याचा क्रम असा ठेवा: आधी ब्लेडची जागा, मग पहिल्या टप्प्याची लांबी, मग दोन्ही टप्प्यांचं वजन, आणि शेवटी स्टॉप (तो काय, हे पुढच्या प्रश्नात). एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा. प्रत्येक बदलानंतर एकूण वजन पुन्हा मोजायचं, कारण हे स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात. कुठला स्क्रू कशाचा हे प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं. मित्राच्या मोरिनीवर जो स्क्रू वजनाचा आहे, त्याच जागी तुमच्या स्टायरमध्ये दुसरंच काही असेल. पुस्तिका उघडी ठेवूनच काम करा.

ट्रिगर स्टॉप किती आवळायचा?

शॉट सुटल्यावर ब्लेड आणखी मागे धावू नये म्हणून हा स्टॉप असतो. तो फार सैल असेल तर शॉट सुटताक्षणी बोट मागे आपटतं आणि छर्रा अजून नळीत असतानाच पुढची साइट, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा पुढचा भाग, हलते. फार आवळला तर त्याहून वाईट: शॉट कधी सुटतो, कधी सुटतच नाही.

पिस्तूल कॉक करून, म्हणजे मारायला सज्ज करून, ड्राय फायर करत, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबत, स्टॉप हळूहळू आवळत जा. एका क्षणी शॉट सुटायचा थांबेल. तिथून पाव ते अर्धा फेरा मागे या. मग वीस-पंचवीस वेळा ड्राय करून बघा. एकदा जरी अडकला तर आणखी थोडा सोडा. ब्लेडची जागा किंवा टप्पे नंतर बदलले तर स्टॉप पुन्हा तपासावा लागतो, हे लोक विसरतात.

५०० ग्रॅम घरी कसे मोजायचे?

स्प्रिंगच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो ओढताना हात हलतो आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. स्पर्धेतही टांगलेल्या वजनानेच मोजतात.

किराणा दुकानदाराकडे असतं तसं, वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं ५०० ग्रॅमचं वजन घ्या. जाड तारेचा आकडा करून त्याला पक्का बांधा आणि आकड्यासकट सगळं सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. तारेचा आकडा दहा-पंधरा ग्रॅमचा असेल तर एकूण ५१० ते ५१५ भरेल. एवढं वजन पिस्तुलाने उचललं की नियमाच्या वर आपल्याला हवा तो फरक आपोआप मिळाला. तार ट्रिगरवर आडवी, सरळ टेकायला हवी. फिरणारं रोलर असलेलं वजन नियमात चालत नाही, म्हणून घरीही ते वापरू नका.

मोजताना सिलिंडर लावा, कारण स्पर्धेतल्या तपासणीत पिस्तूल हवेसह कॉक केलेलं असतं. छर्रा अर्थातच नाही. नळी सरळ वर, छताकडे. वजन टेबलावर ठेवलेलं, तारेचा आकडा ट्रिगरच्या मध्याजवळ. आता पिस्तूल अगदी सावकाश उचला. वजन टेबलावरून पूर्ण सुटलं आणि शॉट गेला नाही तर पास. झटक्याने उचललं तर बरोबर असलेला ट्रिगरही सुटेल, आणि ही चूक तपासणीच्या टेबलावर घाबरलेली मुलं हमखास करतात. त्यामुळे हे उचलणं स्वतः मुलांनी घरी सरावात घ्यायला हवं.

कोणत्या स्क्रूला अजिबात हात लावायचा नाही?

आत दोन कडा एकमेकींत अडकून हॅमरला, म्हणजे आघात करून हवा सोडणाऱ्या भागाला, धरून ठेवतात. ती पकड किती खोल हे ठरवणारा स्क्रू काही मॉडेलमध्ये बाहेरून दिसतो, काहींत त्यावर लाखेचा ठिपका असतो. त्याला हात लावू नका. त्या कडा घासणं, पॉलिश करणं, हॅमरची स्प्रिंग कापणं, यातलं काहीही घरी करायचं नाही. पकड उथळ झाली की पिस्तूल टेबलावर ठेवताना, ब्रीच बंद करताना सुटू शकतं. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये माणूस उभा असतो.

काम झाल्यावर ही चाचणी नक्की करा: सिलिंडर काढलेला, नळी रिकामी, पिस्तूल कॉक केलेलं. फ्रेमवर तळहाताने सगळ्या बाजूंनी थापट्या मारा. मग पहिला टप्पा दाबून भिंतीपर्यंत या आणि बोट सोडून द्या, असं दहा वेळा. एकदाही सुटलं, किंवा कॉक करताना हॅमर धरलाच नाही, तर ते पिस्तूल बाजूला ठेवा आणि आर्मररकडे, म्हणजे पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या. पुण्याच्या बालेवाडीत, मुंबईत वरळीला किंवा कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर चौकशी केलीत तर हे काम जाणणारी माणसं कुठे मिळतील हे कळतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर?

मोरिनीच्या इलेक्ट्रॉनिक मॉडेलमध्ये शॉट सोडायचं काम सर्किट करतं आणि बोटाच्या बाजूला जुळवण्यासारखं तेच असतं: जागा, टप्पे, वजन. नियमात तो चालतो, मात्र सगळे भाग पिस्तुलाच्या आत घट्ट बसलेले हवेत. सर्किट घरी उघडायचं नाही. बॅटरी स्पर्धेआधी बदलायची आणि एक जास्तीची सोबत ठेवायची.

पिस्तुलातला बिघाड काय करू शकतो हे टोकियो ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात आपण पाहिलं. मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, ५७५ गुणांसह ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्या तयारीत काहीच कमी नव्हतं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य जिंकलं. परवडत असेल तर दुसरं पिस्तूल, नाही तर निदान ट्रिगरचे सुटे स्क्रू, स्प्रिंग आणि की पेटीत असू द्या.

ट्रिगरमध्ये तेल घालायचं का?

शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नाही. तेलावर धूळ बसते, चिकट थर तयार होतो आणि वजन बदलतं. पुस्तिकेत सांगितलं असेल तिथे, सांगितलेलंच, सुईच्या टोकाएवढं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात घामाने ब्लेड आणि स्क्रू गंजतात. सरावानंतर कोरड्या सुती कापडाने पुसा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

माझे शॉट सतत खाली-डावीकडे जातात. ट्रिगर बदलू का?

उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट तिकडे जात असतील तर ते बहुतेक वेळा झटक्याचं लक्षण असतं. शॉट आता सोडायचाच असं डोकं ठरवतं आणि बोटाबरोबर सगळा पंजा आवळला जातो. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर, लक्ष्याशिवाय, ड्राय फायर करा आणि फक्त पुढच्या साइटकडे बघा. क्लिकच्या क्षणी साइट खाली बुडत असेल तर दोष हाताचा आहे. साइट स्थिर राहते आणि तरीही शॉटचा गट एकाच बाजूला घट्ट पडतो, तर मागची साइट फिरवा. दोन्ही ठीक असून ब्लेड तिरकं बसलंय असं दिसलं, तरच ट्रिगरकडे वळा. नवं ब्लेड, नवा ट्रिगर यावर खर्च करण्याआधी महिनाभर रोज वीस मिनिटं ड्राय फायर करा, अशी कळकळीची विनंती आहे. मध्यमवर्गीय घरातले आई-वडील कर्ज काढून पिस्तूल घेतात. त्यांचे पैसे योग्य जागी लागावेत.

स्प्रिंगच्या स्वस्त एअर पिस्तुलाचा ट्रिगर असाच जुळवता येतो का?

नाही. त्यात सहसा जुळवणीची सोयच नसते आणि आतली स्प्रिंग मोठ्या ताणाखाली असते. उघडू नका. त्यावर उभं राहणं, नेम धरणं, श्वास शिका.

क्लबचं पिस्तूल वापरतो. त्यात माझ्यापुरता बदल करू का?

प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय नाही. ते पिस्तूल दिवसभरात चार-पाच हातांतून जातं. ब्लेडची जागा बदलायची परवानगी मिळाली तर आधीच्या जागेवर पेन्सिलीची बारीक खूण करा आणि परत देताना तिथेच आणून ठेवा. वजनाला हात लावू नका, कारण तुमच्यानंतरचं मूल त्याच पिस्तुलावर जिल्हा स्पर्धा खेळणार असेल.

स्पर्धेच्या किती दिवस आधीपर्यंत सेटिंग बदलता येईल?

किमान तीन आठवडे आधी हात थांबवा. बोटाला नव्या ट्रिगरची सवय व्हायला पूर्ण साठ शॉटचे बरेच सराव सामने लागतात. राष्ट्रीय स्पर्धा गेल्या काही वर्षांत बरेचदा हिवाळ्यात दिल्ली-भोपाळकडे झाल्या आहेत. तिथल्या सकाळच्या गारठ्यात बोटं बधिर होतात, ट्रिगर वेगळाच भासतो आणि मुलं घाबरून तिथेच अ‍ॅलन की काढतात. त्याऐवजी हातमोजे घालून बसा, बोटं ऊबदार ठेवा आणि पोचल्याच्या दिवशी आपल्या वजनाने ट्रिगर एकदा तपासा. तो ५०० च्या खाली गेला असेल तरच पाव फेरा द्या आणि वहीत नोंद करा: तारीख, कोणता स्क्रू, कोणत्या दिशेने, किती.